सिस्टरचं ताट

डिसेंबर लागला की टेंभुर्णीत गोडाचा वास शोधावा लागत नाही. कारखान्यांचा हंगाम भरात आलेला असतो. रात्रभर हायवेच्या कडेनं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येकामागं दोन-दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं लावलेली गाणी, आणि पहाटेच्या थंडीबरोबर येणारा मळीचा आंबूस-गोड वास. या वासात माझी सगळी नोकरी गेली. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. टनभर उसातून शंभर-एकशेदहा किलो साखर पडते; अशी किती पोती डोळ्यांसमोरून गेली, त्याचा हिशेब नाही. पण स्वतःच्या हातानं साखरेचा पाक पहिल्यांदा केला तो आत्ता, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, नाताळाच्या दोन दिवस आधी.

केला तो शेजारच्या सिस्टरसाठी. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते, आम्ही घरात काकू म्हणतो. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्या नगरकडून इकडं आल्या, तेव्हा मी पाटी-दप्तरातला होतो. नगरचा रस्ता करमाळ्यावरून येतो आणि आमच्या गावात पुणे-सोलापूर रस्त्याला मिळतो. गावाला तो बाजारचा आणि लग्नाच्या वऱ्हाडांचा रस्ता. माझ्यासाठी तो करंज्यांचा रस्ता, कारण नाताळाचं ताट आमच्या दारात पहिल्यांदा आलं ते त्याच रस्त्यानं आलेल्या बाईच्या हातून.

मराठी ख्रिस्ती घरांची मुळं विचारत गेलं तर पुष्कळदा नगरलाच पोचतात. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत 1813मध्ये आलं आणि 1831मध्ये नगरला. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक तिथूनच 1842 साली निघालं. पुढं रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताचं नाव टाळ-मृदंगात आणि अभंगात आणून बसवलं. मग फराळ तरी वेगळा कशाला असेल? काकूंच्या ताटात करंजी, शंकरपाळी, चकली, रव्याचा लाडू, म्हणजे आमचीच दिवाळी दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. वेगळा पदार्थ एकच, कुलकुल. शंखासारखी वळलेली, साखरेत घोळलेली. केक त्यांच्याकडं फार नंतर आला, आणि मला विचाराल तर त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला जड जाते, पण ती गाळली तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. आमची आजी ते ताट घ्यायची. हसून घ्यायची, ‘बस की गं सिस्टर’ म्हणायची, वरचा विणलेला रुमाल घडी करून परत द्यायची. काकूंची पाठ वळली की ताटातली केळी देवळीत जायची आणि करंज्या गोठ्यात, म्हशीच्या पाटीत. नगरकडचे ख्रिस्ती पूर्वी कुठल्या वस्तीतले, हे आजीला कुणी सांगावं लागत नव्हतं. फळाला विटाळ नाही, तळणाला आहे, हे तिचं शास्त्र. त्या बाईनं टोचलेली सुई चालायची, बाळंतपणाला तिचे हात चालायचे, तिच्या हातची करंजी मात्र चालायची नाही. मी म्हशीच्या तोंडापुढून दोन करंज्या काढून गवताच्या गंजीमागं बसून खायचो. त्यांना कडब्याचा वास लागलेला असायचा. तो वास अजून आठवतो, चवीपेक्षा जास्त.

मोठेपणी रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचली तेव्हा आजी थोडी उलगडली. टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा, लक्ष्मीबाईंचा 1900चा. मधली वर्षं त्या बाईनं स्वतःच्या सोवळ्याशी झगडण्यात काढली, आणि ते कसं गळत गेलं हे स्वतःलाच हसत लिहून ठेवलं. आजीकडं तेवढा निवांतपणा नव्हता, वाचायला येत नव्हतं. तिचं सोवळं दुष्काळानं सोडवलं.

साल 1972. उजनीचं धरण पुरं व्हायला अजून आठ वर्षं होती. आज जिथं नजर पोचेल तिथं ऊस आहे, तिथं तेव्हा ढेकळं होती. लोक खडी फोडायला जात होते, पोरांना सुकडी मिळत होती, घराघरात मिलोची तांबडी भाकरी. दिवाळीच्या आत आमची म्हैस बाजारात गेली, कारण वैरण नव्हती. तरी नाताळाला काकूंचं ताट आलं. सरकारी पगार असला तरी त्या साली खोबरं, साखर त्यांनाही कुठून परवडणार! करंजीत पंढरपुरी डाळ्याचं कूट आणि गूळ. मोजून अकरा करंज्या होत्या. आजी ताट घेऊन गोठ्यापर्यंत गेली. पाटी रिकामी, दावं खुंट्याला. ती तिथं किती वेळ उभी राहिली ते मला सांगता येणार नाही, पण परत आली तेव्हा तिनं ताट आम्हा पोरांपुढं ठेवलं आणि म्हणाली, “खावा.” एक करंजी शेवटी ताटात राहिली होती. ती रात्री नव्हती. घरात ती खाईल असं दुसरं कुणी जागं नव्हतं.

संक्रांतीला काकूंच्या घरी आमच्याकडून तिळगूळ गेला. त्याच ताटातून. रिकामं ताट परत धाडू नये, हा नियम आजीनं त्या वर्षी प्रथम त्यांच्या ताटाला लावला. तेव्हापासून ते ताट येतं-जातं. पितळेचं होतं, ते मोडीत गेलं. आता स्टीलचं आहे, कडेवर काकूंच्या यजमानांचं नाव कोरलेलं.

मधल्या काळात आणखी एक दिवाळी अशी आली की आमची कढईच चुलीवर चढली नाही. आई गेली होती. आपल्याकडं अशा वर्षी घरात तळण करत नाहीत, बाहेरून आलेलं चालतं. काकूंनी सगळा फराळ केला, अनारशासकट. अनारसा आमच्या घरात आईशिवाय कुणाला जमत नव्हता. पीठ जरा सैल झालं की तुपात विरघळून जातो. दोन डबे भरून त्या दारात उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, “पोरांना दिवाळी कळायला पाहिजे.”

गोव्यात नाताळाच्या या ताटाला नाव आहे, कोन्सुआद. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्या, दोदोल, बेबिंक, पेरूची पेराद, कुलकुल असं सगळं ताटात मांडून घरोघर धाडायचं. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तिथं गोड होत नाही, तिथं शेजारी आठवणीनं पोचवतात. मूळ शब्द पोर्तुगीज, आणि त्याचं नातं सांत्वनाच्या लॅटिन शब्दाशी सांगतात. आपला ‘नाताळ’सुद्धा पोर्तुगीजच, पाव आणि बटाट्यासारखा. शब्द समुद्रातून आला असेल. घरात मरण आलं की शेजाऱ्यानं गोड पोचवायचं, हे मात्र टेंभुर्णीच्या गल्लीला कुणी येऊन शिकवलेलं नाही.

यंदा श्रावणात काकूंचे यजमान गेले. काकू ऐंशीच्या. डिसेंबरात बायको सहज विचारायला गेली तर म्हणाल्या, आमच्यात सुतक नसतं गं, पण हात उठत नाही. मुलगा पुण्यात. तो बॉक्स घेऊन येईलच. हायवेवरच्या बेकरीतही हल्ली असे बॉक्स रचून ठेवलेले असतात, वर लाल रिबन. वाईट नसतात. पण ते परत करायचे नसतात, खाऊन झालं की कचऱ्यात. त्यामुळं पुढं काही चालू राहत नाही.

तर कुलकुल मी करायची ठरवली. रवा, मैदा, थोडी साखर, एक अंडं, नारळाचं दूध. बोराएवढी गोळी काट्याच्या चमच्याच्या पाठीवर दाबायची आणि अंगठ्यानं पुढून मागं गुंडाळत आणायची, की वर रेघा उमटतात. पहिल्या वीस चपट्या झाल्या. मग बायकोनं नवा कंगवा आणून दिला, त्यावर बरं जमलं. मंद आचेवर तळली. इथवर ठीक.

पाकाशी आल्यावर माझा केमिस्ट जागा झाला. बायको म्हणाली, दोन थेंब लिंबू पिळा. मी नाही म्हणालो. कारखान्यात आम्ही आयुष्यभर आंबटपणाशी भांडलो. रस आंबट राहिला की साखर फुटून तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होतात, त्याचा दाणा बनत नाही, नुकसान होतं. म्हणून तर रसात चुना घालतात. स्वयंपाकघरात नेमकं तेच हवं असतं, हे मला कळायला कढई लागली. कारखान्याच्या पॅनमध्ये दाणा कधी पाडायचा याच्यावर ज्यानं पॅनमनशी वाद घातले, त्याच्या पातेल्यात दाणा नको तेव्हा पडला. कुलकुल टाकून दोनदा हलवलं तोच पाकाची साखर झाली आणि सगळा एक गड्डा! निम्मं उलथन्यानं फोडून काढलं. दुसऱ्या घाण्याला लिंबू पिळलं, गुपचूप.

चोवीस तारखेला संध्याकाळी ताट घेऊन गेलो. काकूंच्या दारावर कागदी चांदणी होती, मुलानं लावलेली. आत यजमानांच्या फोटोपुढं दिवा. काकूंनी चष्मा लावून एक कुलकुल उजेडात धरलं, चावलं, आणि बराच वेळ चावत राहिल्या.

“पाक पुढं गेलाय,” त्या म्हणाल्या.

मग दुसरं उचललं. ते खाऊन झाल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “तुमच्या म्हशीनं लई करंज्या खाल्ल्या माझ्या. ती विकली त्या साली म्हटलं, बघू आता कोण खातंय.”

मला काही बोलता आलं नाही. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. माहीत असून दर वर्षी ताट येत होतं.

निघताना ताट घेऊन जाऊ का विचारलं. राहू दे म्हणाल्या. चौदा जानेवारीला येईल.