शिमोनाचा भाऊ अंद्रिया

वाचावयाचा शास्त्रभाग : योहान १:३५-४२



बारा प्रेषितांत अंद्रियाची ओळख बहुधा दुसऱ्याच्या नावाने करून देण्यात येते. योहान त्यास शिमोन पेत्राचा भाऊ म्हणूनच आपल्यापुढे आणतो. वस्तुतः ख्रिस्ताची भेट प्रथम झाली ती अंद्रियास, आणि शिमोनास शोधून आणिले ते त्यानेच. पुढे याईराच्या घरात प्रभूबरोबर गेले ते पेत्र, याकोब व योहान. डोंगरावर रूपांतर पाहिले ते ह्याच तिघांनी, आणि गेथशेमानेत जवळ नेले तेही हेच. ज्याने भावास आणिले तो तिन्ही वेळा मागे राहिला. त्यास काय वाटले असेल हे शास्त्र सांगत नाही. परंतु सहाव्या अध्यायात पाहा, जवाच्या भाकरी जवळ असलेला मुलगा प्रभूस दाखवून देणारा पुन्हा तोच आहे.

ह्या भागावर मी अनेकदा उपदेश केला. परंतु हा अंद्रिया मला प्रत्यक्ष कोठे भेटला हे व्यासपीठावरून कधी सांगितले नाही. लाजेने सांगितले नाही.

सन २००१ च्या जून महिन्यात ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणाकरिता मला सेरामपूरला जावयाचे होते. बंगाली लोक त्या गावास श्रीरामपूरच म्हणतात. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीस, आमच्या आक्कास, प्रथम वाटले की नगर जिल्ह्यातले आपले श्रीरामपूर, म्हणजे एस. टी.ने गेले की झाले. ते हुगळीच्या काठी, कलकत्त्यापलीकडे आहे असे कळल्यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मग तर तुला एकट्याला धाडायचा नाही." आईबाप नव्हते. तिने दोन शेळ्या विकल्या.

मनमाडला मध्यरात्री गाडी धरली. भुसावळ, नागपूर, रायपूर, बिलासपूर, खरगपूर असा सुमारे १,७०० किलोमीटरांचा तो प्रवास. दोघांत बाक एकच मिळाले होते. मी निजलो, ती माझ्या पायांशी ट्रंकेची कडी धरून बसून राहिली. नागपुराच्या पुढे खिडकीतून भट्टीसारखा वारा येऊ लागला, तेव्हा तिने पदर भिजवून माझ्या डोक्यावर घातला. बाजरीच्या भाकरी दुसऱ्या प्रहरी वाळून कडक झाल्या. त्यांतल्या मऊ त्या तिने मला दिल्या, हे मला त्या वेळी दिसलेच नाही. हिंदी तिला येत नसे. तरी प्रत्येक स्टेशनावर ती शेजाऱ्यास गावाचे नाव विचारी आणि बोटांवर मोजून ठेवी, कारण परतताना तीच नावे उलटी लावून तिला एकटीने यावयाचे होते.

हावड्याहून लोकलने तासाभरात पोहोचलो. हे विद्यालय केरी, मार्शमन व वॉर्ड ह्यांनी १८१८ साली स्थापिले. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्यास पदव्या देण्याचा अधिकार दिला. मत्तयाचे शुभवर्तमान आपल्या मराठीत छापून निघाले तेही ह्याच गावी, १८०५ साली. त्याच साली केरीसाहेबांचे मराठी व्याकरण निघाले. त्या कामी त्यांस मराठी शिकविणारे वैजनाथ पंडित होते. केरीसाहेबांचे नाव आपण सर्व जाणतो, पंडितांचे किती जण जाणतात?

फाटकाशी एक विद्यार्थी सामोरा आला. स्वच्छ पोशाख, इंग्रजी बोलणे. आक्काच्या अंगावर धुळीने मळलेले लुगडे, पायांत माझ्याच जुन्या चपला. "बरोबर कोण आहे?" असे त्याने विचारिले. मी म्हणालो, "गावाकडचे कोणी आहे." इंग्रजीत म्हणालो, परंतु हाताने जी खूण केली तीस भाषा लागत नाही. आक्काने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि ट्रंक खाली ठेवून दोन पावले मागे सरली. त्या संध्याकाळी ती जनरलच्या डब्यात बसून परतली. पेत्राचे नाकारणे अंगणातल्या शेकोटीशी झाले, माझे भर दुपारी झाले. आणि कोंबडा आरवला नाही, म्हणून रडू यावयास मला फार दिवस लागले.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या मंडळीतले कोणी पहिल्यानेच दूरच्या विद्यालयास निघाले तर शिफारसपत्र देऊन मोकळे होऊ नका. त्याजबरोबर कोण जाणार, त्या सोबत्याच्या परतीच्या भाड्याची काय सोय, हे विचारा. दानाच्या पेटीतून ते भाडे निघाले तर ते वाया गेले असे कोणी म्हणू नये. आणि तुम्ही जे शिकून परत आला आहा, ते आपल्या मनास विचारा की आपली ट्रंक कोणी वाहिली.

गेल्या नाताळात मी आक्कापाशी ती गोष्ट काढली व क्षमा मागितली. ती चुलीतले लाकूड पुढे सारीत म्हणाली, "अरे भाऊ, दोन दिस गाडीचा खडखडाट कानांत होता. कोण काय बोललं, मला कुठं ऐकू आलं?" आणि तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

तिची धाकटी मुलगी येत्या जूनमध्ये परिचारिकेच्या शिक्षणाकरिता दक्षिणेत निघाली आहे. तिजबरोबर मी जाणार आहे. प्रार्थनेत आम्हां दोघांची आठवण असावी.