नोंदीवाचून राहिलेले पदक

एस्तेरच्या पुस्तकाचा 6 वा अध्याय आपण मनात आणू या. मर्दखयाने राजाचा जीव वाचविला. ते कृत्य इतिहासाच्या वहीत लिहिलेही गेले, परंतु त्याचा सन्मान मात्र झाला नाही. एके रात्री राजास झोप येईना, म्हणून ती वही वाचली गेली व राहिलेला न्याय घडला.

आपल्या गावांतील वृद्ध शिपायांचेही कधी असेच होते. 1971 च्या युद्धातील सेवेबद्दल संग्राम पदक, तसेच रणक्षेत्राप्रमाणे पूर्वी किंवा पश्चिमी स्टार ठरविण्यात आले; पण एखाद्याच्या डिस्चार्ज बुकात ती नोंद उतरलेलीच नसते. मागणे म्हणजे बढाई, असे समजून तो गप्प राहतो. आम्ही म्हणतो, खऱ्याची नोंद मागणे ही बढाई नव्हे.

अर्ज आपल्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे करावा. बॉम्बे इंजिनियर ग्रुपचे ऑफिस पुण्यास खडकी येथे आहे. सेवा क्रमांक, पलटण व नोकरीचा काळ लिहावा आणि डिस्चार्ज बुकाची नक्कल जोडावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य घ्यावे. जे पदक मिळविले नाही ते मागू नये.

ज्यांस लिहिता येते, त्यांनी या आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्या शिपायाकडे जाऊन त्याचे कागद पाहावेत. देव काही विसरत नाही; मनुष्यांच्या वहीतील उणीव भरून काढणे मात्र त्याने आपल्यावर सोपविले आहे.