योग्य विद्यालय कोणते?

वैशाखाच्या उन्हात तामिळनाडूमध्ये बारावीच्या परीक्षेचे निकाल लागतात. चेन्नई नगरातील मैलापूर हा जुना, विद्येची आस्था बाळगणारा भाग. कपालीश्वराच्या मंदिराभोवती ज्या चार माडवीथी आहेत, त्यांतील घराघरांत त्या दिवसांत एकच प्रश्न विचारला जातो : मुलाला गुण किती मिळाले? ज्याला उत्तम गुण मिळाले, त्याच्या घरी मिठाई वाटली जाते. जो अनुत्तीर्ण झाला, त्याच्या घरी दुःख असते, परंतु पुढचे पाऊल स्पष्ट असते. त्याला पुन्हा परीक्षेस बसावयाचे असते. खरी घालमेल होते ती मधल्या मुलाच्या घरी. तो उत्तीर्ण आहे, पण नामांकित महाविद्यालयाच्या दारापर्यंत त्याचे गुण पोहोचत नाहीत. अशा मुलास कोठे घालावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा वाटतो. वस्तुतः तो धर्माचा प्रश्न आहे. कारण त्याचे उत्तर देताना गृहस्थाच्या सत्यनिष्ठेची, द्रव्यविवेकाची आणि अपत्यप्रेमाची एकाच वेळी परीक्षा होत असते.

मराठी भाषेने येथे एक विलक्षण अडचण करून ठेविली आहे. परीक्षेतील अंकांना ती ‘गुण’ म्हणते आणि शील, कौशल्य, स्वभावधर्म यांनाही ‘गुण’च म्हणते. त्यामुळे ‘मुलाला गुण कमी पडले’ हे वाक्य काही दिवसांतच ‘मुलात गुण कमी आहेत’ असे ऐकू येऊ लागते. पहिले वाक्य एका उत्तरपत्रिकेविषयी आहे, दुसरे एका जीवाविषयी. पहिले तपासून पाहता येते. दुसरे बोलण्याचा अधिकार कोणत्याही परीक्षकास नाही, आणि पित्यासही नाही.

हा प्रश्न आजचाच आहे असे मानण्याचे कारण नाही. पंचतंत्राचा आरंभच मुळी अशा एका पित्याच्या चिंतेने झाला आहे. दक्षिण देशात महिलारोप्य नावाचे नगर होते, तेथील अमरशक्ती राजाचे तिन्ही पुत्र विद्येला विन्मुख होते. हे महिलारोप्य म्हणजेच मैलापूर, असे काही अभ्यासकांनी मानले आहे. ते सर्वमान्य नसले तरी योगायोग मनोहर आहे. राजा आपली चिंता मंत्र्यांपुढे उघड मांडतो. नुसत्या व्याकरणालाच बारा वर्षे लागतात, मग पुढील शास्त्रे केव्हा शिकावयाची, अशी चर्चा होते. अखेर एक मंत्री विष्णुशर्म्याचे नाव सुचवितो. राजा त्यास शंभर अग्रहारांचे दान देऊ करतो. तो वृद्ध ब्राह्मण सांगतो की, आपण विद्येचा विक्रय करीत नाही. आणि सहा महिन्यांत राजपुत्रांना नीतिशास्त्रात निपुण करण्याची प्रतिज्ञा करतो.

या कथेतील तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. राजाने पुत्रांची स्थिती भर सभेत कबूल केली, लपविली नाही. गुरूने दान नाकारले, म्हणजे विद्येची किंमत ठरू दिली नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : विष्णुशर्म्याने शिष्य बदलले नाहीत, शिकविण्याची रीत बदलली. बारा वर्षांचे व्याकरण ज्यांच्या गळी उतरले नसते, त्यांना त्याने सिंह-बैलाच्या आणि कावळा-घुबडाच्या कथांतून राजनीती शिकविली. राजाच्या तोंडी मूर्ख पुत्रांविषयी कठोर उद्गार आहेत. विष्णुशर्मा त्यांत आपली भर घालीत नाही. योग्य विद्यालयाचे पहिले लक्षण येथेच सापडते.

आता वर्तमानकाळाकडे वळावे. तामिळनाडूत अभियांत्रिकीच्या राज्यस्तरीय प्रवेशासाठी 2007 सालापासून वेगळी प्रवेशपरीक्षा नाही. बारावीतील गणिताचे 100, पदार्थविज्ञानाचे 50 आणि रसायनाचे 50 असे 200 पैकी गुण काढून क्रम लावला जातो, व त्या क्रमाने विद्यार्थी महाविद्यालय निवडतात. राज्यात अशी महाविद्यालये चारशेहून अधिक आहेत, आणि यादीच्या शेवटाकडील अनेक ठिकाणी जागा रिकाम्या राहतात. तेव्हा मध्यम गुणांच्या मुलास जागा मिळत नाही असे नाही. जागा मिळते, ती त्याच्या योग्य आहे काय, एवढेच कोणी पाहत नाही.

असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पिढ्यान् पिढ्या तंजावरला राहून मग मद्रासेत आलेले मराठी घराणे. घरात मराठी, अंगणाबाहेर तमिळ. वडील सरकारी कचेरीत नोकरीला. मुलाला 200 पैकी 124 गुण मिळाले आहेत. थोरल्या भावाचा मुलगा नामांकित महाविद्यालयात अभियंता होत आहे, म्हणून यालाही तेथेच घालण्याचा निश्चय झाला आहे. कोणी मध्यस्थ सांगतो की, ठराविक रक्कम दिल्यास काम होईल. मात्र पावती मिळणार नाही. आईच्या पाटल्या काढून ठेवल्या आहेत, घरावर कर्ज काढण्याची बोलणी चालू आहेत. हे सर्व मुलगा पाहत आहे. तीन आठवडे लोटले, पण त्याला स्वतःला काय शिकावयाचे आहे, हे कोणी त्याला विचारलेले नाही.

कायदा याविषयी संदिग्ध नाही. प्रवेशासाठी देणगी उकळण्यास महाराष्ट्राने 1987 साली व तामिळनाडूने 1992 साली कायद्याने बंदी घातली. त्याच 1992 साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी देणगी घटनाविरोधी ठरविली. पुढे 2002 सालच्या टी. एम. ए. पै खटल्यात खासगी संस्थांना आपले शुल्क ठरविण्याची पुष्कळ मोकळीक मिळाली, तरी देणगीची मनाई उठली नाही. व्यवस्थापनाच्या वाट्याच्या जागा आणि त्यांचे जाहीर शुल्क ही कायद्यात बसणारी गोष्ट आहे; ते शुल्क पेलणे न पेलणे हा ज्याचा त्याचा हिशेब. परंतु पावतीविना दिले जाणारे द्रव्य ही निराळी गोष्ट आहे, आणि देणारा व घेणारा दोघेही ते जाणून असतात.

यावर प्रेमळ पिता म्हणतो, “मुलाच्या कल्याणासाठी हे पाप मी माझ्या शिरावर घेतो.” हे बोलणे उदात्त वाटते, पण ते टिकत नाही. त्या द्रव्याचे फळ ज्याला भोगावयाचे आहे, त्याला त्या व्यवहारातून वेगळे कसे काढणार? वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच मुलाचा पहिला पाठ झालेला असतो : आपण जसे आहोत तसे पुरेसे नाही, आणि जे कमी पडेल ते गुपचूप विकत घेता येते. पुढची चार वर्षे प्रत्येक परीक्षेच्या वेळी त्याला प्रश्नपत्रिकेपेक्षा आईच्या पाटल्या अधिक स्पष्ट दिसतील. शिवाय त्या जागेवर ज्याचा न्याय्य हक्क होता, असा दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा त्या दिवशी परत फिरलेला असतो. तोही कोणाचे तरी अपत्यच आहे.

याच्या उलट टोकाला जाणारेही गृहस्थ असतात. “नशिबात नाही, मिळेल तेथे घाला,” असे म्हणून ते मोकळे होतात, आणि वर गीतेचा आधार देतात की, मनुष्याचा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही. गीतेचा हा उपयोग खरा नव्हे. फळाची आसक्ती सोडावयाची ती कर्म अधिक नीट व्हावे म्हणून, कर्म टाकता यावे म्हणून नव्हे. निकाल हे मागच्या कर्माचे फळ होते. विद्यालय शोधणे हे आजचे कर्तव्यकर्म आहे. त्यात आळस करणाऱ्याने अनासक्तीचे नाव घेऊ नये. ‘स्वधर्म’ या शब्दाचीही अशीच ओढाताण होते. वडिलांचा धंदा किंवा वडिलांची इच्छा मुलावर लादून तिला स्वधर्म म्हटले जाते. परंतु गीतेत हा शब्द पहिल्याने दुसऱ्या अध्यायात येतो आणि पुन्हा अठराव्यात येतो, तेथे त्याच्या जोडीला स्वभाव उभा आहे. तो स्वभाव ज्याचा त्याचा असतो. दुसऱ्याचा स्वधर्म आपण ठरवू लागलो की, तो त्याच्या दृष्टीने परधर्मच होतो.

मद्रासच्या इतिहासात या विषयाचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. कुंभकोणम येथे शाळेत गणिताचे पारितोषिक मिळविलेल्या श्रीनिवास रामानुजन यांना 1904 साली तेथील सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली. गणितावाचून दुसरा विषय त्यांच्या मनात शिरेना, शिष्यवृत्ती गेली. पुढे 1906 साली ते मद्रासच्या पचैय्यप्पा महाविद्यालयात आले, पण तेथूनही एफ. ए. ची परीक्षा त्यांना उतरता आली नाही. 1912 साली ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना 30 रुपयांवर कारकून झाले. 1913 साली मद्रास विश्वविद्यालयाने, पदवी नसतानाही, त्यांना महिना 75 रुपयांची संशोधनवृत्ती दिली. 1914 साली ते केंब्रिजला गेले व 1918 साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

या चरित्रातून भलताच बोध घेतला जातो, म्हणून सावध राहिले पाहिजे. प्रत्येक मध्यम गुणांच्या मुलात रामानुजन दडलेला नसतो, आणि तसा तो असावा अशी अपेक्षा धरणे हाही मुलावर एक नवा जुलूमच आहे. बहुतेक माणसे मध्यमच असतात, आणि त्यांच्याच श्रमावर जग चालते. बोध आहे तो दुसरा. परीक्षा विचारलेल्या प्रश्नांपुरतेच सांगते. आणि ज्या विश्वविद्यालयाच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले, त्यानेच नियमाबाहेर पाहण्याचे धैर्य दाखविले, तेव्हा ते खऱ्या अर्थाने विद्यापीठ ठरले. ‘परीक्षा’ शब्दात ‘परि’ आहे. सर्व बाजूंनी पाहणे हा त्याचा मूळ अर्थ. एका बाजूने पाहिले तर ती परीक्षा अपुरी होय.

मग शोध कसा करावा? ‘योग्य’ हा शब्द ‘युज्’ धातूपासून आला आहे. जो जुळतो तो योग्य. प्रथम मुलाला विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरावा. नंतर महाविद्यालयात स्वतः जावे, मुलाला बरोबर न्यावे. कमानीवरील नाव व पहिल्या आलेल्यांची छायाचित्रे पाहून परतू नये. जो उत्तम गुण घेऊन आला तो उत्तम होऊन बाहेर पडला, यात संस्थेचे कर्तृत्व किती, हे सांगता येत नाही. मध्यम मुलाचे तेथे काय होते, हे विचारावे. पहिल्या वर्षाला कोण शिकवितो, प्रयोगशाळा उघडी असते की कुलूपबंद, मागे पडलेल्या मुलासाठी कोणी थांबतो काय, आलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडतात, हे प्रश्न तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावेत. खर्च कर्जाशिवाय, किंवा फेडता येईल एवढ्याच कर्जात, भागतो काय हे पाहावे. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जाण्याची वाट आहे. कला, वाणिज्य, विज्ञान यांची महाविद्यालये आहेत. दुपारच्या सत्रातील वर्ग आहेत. यांतील कोणतीही वाट हलकी नाही.

मैलापूरलाच याची साक्ष आहे. रामकृष्ण मिशनचे विद्यार्थिगृह येथे 1905 साली गरीब मुलांसाठी निघाले, व पुढे तेथे तंत्रशिक्षणही आले. 1906 साली संस्कृत महाविद्यालय स्थापन झाले, 1946 साली विवेकानंद महाविद्यालय. जवळच समुद्रकिनाऱ्यावर 1914 पासून स्त्रियांचे महाविद्यालय आहे. एकाच परिसरात कोणी यंत्र शिकतो, कोणी व्याकरण, कोणी हिशेब. आणि दर वर्षी पंगुनी महिन्यात याच माडवीथींतून कपालीश्वरासमवेत त्रेसष्ट शैव संतांच्या मूर्ती पालख्यांतून निघतात. त्यांत राजे आहेत, तसेच कुंभार, परीट, कोळी आणि शिकारीही आहेत. रस्त्याच्या कडेला उभी राहणारी माणसे त्या सर्वांना सारखेच हात जोडतात. तेच हात निकालाच्या दिवशी मुलांच्या श्रेण्या लावू लागतात, हा विसंवाद विचार करण्यासारखा आहे.

त्या कुटुंबात अखेर आजीने विचारले, “तुला काय शिकावयाचे आहे रे?” मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “हिशेबाचे.” आजीच्या निवृत्तिवेतनाचा आणि घरखर्चाचा जमाखर्च तो दोन वर्षे लिहीत होता, एका पैशाचीही चूक नव्हती. पाटल्या पुन्हा हातात आल्या. तो जवळच्या एका महाविद्यालयात दुपारच्या सत्रात वाणिज्य शिकू लागला. तो पुढे मोठा होईल किंवा होणार नाही. ते फळ आहे, त्याची ग्वाही कोणी देऊ शकत नाही. वडिलांना भावाच्या घरी जाताना अजून थोडा संकोच वाटतो. परंतु घरात आता असे काही नाही, जे मुलापासून लपवावे लागते. आणि मुलापाशी असे काही नाही, ज्याची पावती नाही.

योग्य विद्यालय कोणते, याचे उत्तर एवढेच : ज्याच्या दारातून पिता ताठ मानेने व मुलगा निर्भय मनाने आत जाऊ शकतो, आणि जेथे मुलाला आहे तेथून पुढे नेणारा कोणी शिक्षक भेटतो, ते. तसे विद्यालय लहान असेल, दूर असेल, त्याचे नाव नातलगांस ठाऊकही नसेल. ते शोधण्याचे श्रम गृहस्थाने अवश्य करावेत. मुलाच्या शिक्षणाचा आरंभ त्या श्रमांतच होत असतो.