उत्तर माहीत असताना



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

सतरा अध्याय झाले. अठराव्याचेही बासष्ट श्लोक झाले. कर्म, ज्ञान, भक्ती, विश्वरूप, सगळं सांगून झालं. आणि या श्लोकात भगवान अर्जुनाला म्हणतात की मला सांगायचं ते मी सांगितलं, आता तू त्याचा पुरता विचार कर आणि तुला वाटेल तसं कर.

जरा कल्पना करा. दोन्ही सैन्यं समोर उभी आहेत आणि सांगणाऱ्याला शेवट माहीत आहे. अकराव्या अध्यायात तो शेवट अर्जुनाला दाखवूनही झालाय. "मी सांगतोय म्हणून कर" एवढं म्हटलं असतं तरी अर्जुनाने ऐकलं असतं. तरीही निर्णय अर्जुनाकडेच ठेवला.

म्हणून आजचा प्रश्न असा: ज्याला उत्तर माहीत आहे, त्याने समोरच्याला किती सांगावं? कधी गप्प राहावं, आणि कधी गप्प राहणं हाच अपराध होतो?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय तो एका खेळामुळे. ब्लॉगवर नियमित येणाऱ्यांना माझा हा नाद माहितीये. कामानिमित्त किंवा सुट्टीत कुठल्याही शहरात गेलो की मी तिथली एस्केप रूम शोधतो, खेळतो आणि त्यावर चार ओळी लिहितो. आत्तापर्यंत ४३ झाल्या. (आई म्हणते, पैसे देऊन स्वतःला कोंडून घेणारा हा पहिलाच!)

खेळ काय आहे

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण एका खोलीत जातात. साधारण ६० मिनिटं मिळतात. खोलीत कोडी असतात, कुलपं असतात, एकातून दुसरं उलगडत जातं आणि शेवटी बाहेर पडायचं असतं. कॉम्प्युटरवर असे खेळ आधीपासून होते. २००७ साली जपानमधल्या क्योटोत ताकाओ कातो यांनी तो प्रकार खऱ्या जागेत, खऱ्या माणसांसाठी आणला. २०११ मध्ये बुडापेस्टला अत्तिला ग्युर्कोविच यांनी 'पॅरापार्क' सुरू केलं आणि मग युरोपभर त्याचं लोण पसरलं. ग्युर्कोविच यांच्यावर 'फ्लो' या मानसशास्त्रातल्या कल्पनेचा प्रभाव होता. काम आपल्या कुवतीपेक्षा फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर घाबरायला होतं. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात माणूस तहानभूक विसरतो. आपल्याकडे चांगलं भजन रंगल्यावर होतं ना, तसंच.

त्या पट्ट्यात खेळणाऱ्याला ठेवायचं काम एकाच माणसाचं असतं: गेम मास्टर. तो बाहेर बसून कॅमेऱ्यातून सगळं बघतो. त्याला प्रत्येक कुलपाचा नंबर पाठ असतो. तुम्ही चुकीच्या कपाटाशी दहा मिनिटं झटापट करत असता आणि किल्ली तुमच्या पाठीमागे असते, हे त्याला दिसत असतं. तरी तो लगेच बोलत नाही. तुम्ही मागितलं, किंवा तुम्ही खरंच खचायला लागलात, की तो एक हिंट देतो. चांगल्या गेम मास्टरची हिंट म्हणजे बहुतेक वेळा एक प्रश्न असतो. "त्या चित्रात किती पक्षी आहेत?" बस, इतकंच. बाकी तुमचं.

रिव्ह्यू लिहिणाऱ्याचंही तेच. मला आतलं सगळं माहीत असतं, पण लिहिताना कोड्यांची उत्तरं सांगायची नाहीत, आतले फोटो टाकायचे नाहीत, हा या क्षेत्रातला धर्मच समजा. मग लिहायचं काय? गोष्ट कशी रंगवलीये, कोडी तर्काला धरून आहेत की नुसतीच अंदाजपंचे, हिंट कशा मिळतात, लहान मुलांना जमेल का, अंधार-अरुंद जागा आहे का, बाहेर पडायची सोय कशी आहे. म्हणजे वाचणाऱ्याला निर्णय घेता यावा इतकं सगळं सांगायचं, आणि त्याचा शोधाचा आनंद जाईल असं काहीही सांगायचं नाही. ही रेघ ओढायला वाटते त्यापेक्षा अवघड आहे.

गेल्या दिवाळीत बारा वर्षांच्या भाच्याला घेऊन मी आधी खेळलेल्याच एका रूममध्ये गेलो. एका तीन आकडी कुलपापाशी तो अडकला.

"मामा, तुला माहितीये ना? सांग ना!"

"माहितीये."

"मग?"

"मघाशी तू काय मोजत होतास?"

तो माझ्यावर चिडला. मग गप्प झाला. मग परत त्या भिंतीपाशी गेला. साताठ मिनिटांनी कुलूप उघडलं, तेव्हा तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या खोलीतले लोकही हसले. नंबर मी सांगितला असता तर कुलूप उघडलं असतंच, पण ती आरोळी त्याची झाली नसती. आज तो घरी सगळ्यांना सांगतो, "मी उघडलं." आणि ते खरं आहे.

भगवंतांनी अर्जुनाला निर्णय का दिला, हे मला त्या दिवशी थोडं कळलं. दुसऱ्याने उचलून दिलेला निर्णय पहिल्या बाणापर्यंत टिकतो. स्वतः विचार करून घेतलेला युद्ध संपेपर्यंत टिकतो.

पण थांबा

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर आजचं चिंतन गोड झालं असतं, आणि अर्धवट. कारण याच खेळाच्या इतिहासात ४ जानेवारी २०१९ ही तारीखही आहे.

पोलंडमधलं कोशालिन शहर. १५ वर्षांच्या पाच मैत्रिणी. एकीचा वाढदिवस होता म्हणून त्या एस्केप रूममध्ये गेल्या होत्या. तिथे आग लागली. मुलींना त्या खोलीतून बाहेर पडता आलं नाही. आगीतल्या विषारी वायूने पाचही जणी गेल्या. त्यानंतर देशभर अशा जागांची तपासणी झाली आणि अनेक बंद कराव्या लागल्या.

तेव्हापासून कुठल्याही रूममध्ये शिरताना माझा पहिला प्रश्न कोड्यांबद्दल नसतो. मी विचारतो, "दार खरंच लॉक होतं का?" चांगल्या ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: दार उघडंच असतं, किंवा शेजारी एक बटण असतं, दाबलं की लगेच उघडतं. ज्या ठिकाणी या प्रश्नावर नुसतं हसून "घाबरू नका सर" असं म्हणतात, तिथून मी परत फिरतो.

म्हणजे कुलपं दोन प्रकारची असतात. एक खेळातलं, जे आपण स्वतःहून निवडलंय आणि हवं तेव्हा सोडू शकतो. दुसरं खरं. पहिल्या कुलपासमोर बाहेरच्या माणसाने गप्प राहणं हे प्रेम आहे. दुसऱ्यासमोर गप्प राहणं हा अपराध आहे. तिथे हिंट द्यायची नसते, दार तोडायचं असतं.

आपण कुठे गल्लत करतो

आता हे आपल्या सत्संगाबद्दल बोलतोय, राग मानू नका.

माझ्या एका मित्राची नोकरी गेली. त्याच महिन्यात वडील हॉस्पिटलमध्ये. डोक्यावर घराचं कर्ज. त्याने ग्रुपवर लिहिलं, तर दिवसभरात तीसेक उत्तरं आली. "देव परीक्षा घेतोय." "यातून शिकायचं असतं." "प्रत्येक कुलपाची चावी त्याच्याकडे आहे." हात जोडलेले इमोजी तर विचारू नका. कुणाचंच मन वाईट नव्हतं. पण नंतर एकदा चहा पिताना तो मला म्हणाला, "सगळे बरोबरच बोलत होते रे. फक्त एकानेही विचारलं नाही की हप्ता कधी आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपण त्याच्या खऱ्या आगीला कोडं समजलो आणि आपण गेम मास्टर असल्यासारखे काचेपलीकडून हिंट देत बसलो.

मग ओळखायचं कसं, समोरच्याचं कुलूप कुठल्या प्रकारचं आहे ते? मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो.

१. ही खोली त्याने स्वतः निवडली आहे का? परीक्षेची तयारी, नवी नोकरी, अवघड साधना, हे निवडलेलं असतं. आजारपण, नोकरी जाणं, घरातली मारहाण, हे कुणी निवडत नाही.

२. त्याच्या हाताशी बटण आहे का? म्हणजे नको झालं तर त्याला सोडून बाहेर येता येतं का?

३. मी खरंच बघतोय का? गेम मास्टरच्या गप्प बसण्याला किंमत आहे, कारण त्याची नजर स्क्रीनवरून हलत नाही. जो स्वतःच्या मोबाईलमध्ये गुंग आहे, त्याने "मी त्याला स्वतः शिकू देतोय" असं म्हणू नये. त्याला निव्वळ दुर्लक्ष म्हणतात.

तीनपैकी एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर उपदेश बाजूला ठेवायचा आणि विचारायचं, "हप्ता कधी आहे?"

देव गेम मास्टर आहे का?

तुमच्यातले काही म्हणतील, अरे पण देवही वरून बघतोच की. आपण अडकलेले, तो स्क्रीनसमोर, वेळ आली की हिंट. ही उपमा मीही बऱ्याच प्रवचनांत ऐकलीये. मला ती पटत नाही. कारण आयुष्याच्या खोलीत साठ मिनिटांनी दार उघडेल याची खात्री नसते, आणि कोशालिनच्या त्या आईवडिलांसमोर ही उपमा मांडायची माझी तरी हिंमत होणार नाही. दुःख का आहे, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते आहे असं दाखवायचीही गरज वाटत नाही.

पण गीतेत भगवंतांची जागा कुठे आहे, ते बघा. ते काचेपलीकडे नाहीत. ते त्याच रथात बसलेत, हातात लगाम आहे आणि समोरून येणारे बाण आधी सारथ्याला दिसणार आहेत. "विचार कर आणि ठरव" असं म्हणायचा अधिकार त्यांना त्या जागेमुळे मिळतो.

आणि लगेच पुढचा श्लोक वाचा, ६४ वा. अर्जुनावर निर्णय सोपवल्यावरही भगवंत थांबत नाहीत. सगळ्यात गुपित अशी गोष्ट पुन्हा एकदा सांगतात, आणि कारणही देतात की तू मला फार प्रिय आहेस. न मागितलेली शेवटची हिंट! स्वातंत्र्य दिलं म्हणून अंग काढून घेतलं नाही.

दुसरीकडे भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्र आठवा. मगरीने पाय धरलाय, ताकद संपत आलीये, बरोबरच्या हत्तींना काही करता येत नाहीये. त्याने हाक मारली. तिथे भगवंतांनी उपदेश केला नाही. गरुडावरून उतरले आणि गजेंद्राला मगरीसकट पाण्याबाहेर ओढलं. आधी बाहेर काढलं, मगरीचं नंतर बघितलं.

तोच भगवंत. अर्जुनाला विचार करायला लावतो आणि गजेंद्रासाठी धावत येतो. आपल्याला दोन्ही यायला हवं, आणि कधी कुठलं, हेही कळायला हवं. विवेक म्हणतात तो बहुतेक हाच.

आजचा अभ्यास

आज दिवसभरात कुणीतरी तुम्हाला अडचण सांगेल. सल्ला देण्याआधी दहा सेकंद थांबा आणि ठरवा: समोर अर्जुन आहे की गजेंद्र? अर्जुन असेल तर एक चांगला प्रश्न विचारा आणि त्याच्याजवळ बसून राहा. गजेंद्र असेल तर फोन ठेवा आणि निघा.

काय झालं ते कमेंटमध्ये जरूर लिहा. उद्या श्लोक ६६ घेऊ.

श्रीकृष्णार्पणमस्तु.