दुसरी खेप

पंधरा ऑगस्टला आमच्या गल्लीतल्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं. झेंडावंदन उरकलं की शाळेच्या हॉलमध्ये खाटा पडतात आणि माझ्याकडे वहीत नावं लिहून घ्यायचं काम येतं. गेल्या वर्षी इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला. पहिलीच वेळ. हातातला चेंडू दाबत तो छताकडे बघत पडला होता. पिशवीकडे बघायचं नाही हे त्यानं ठरवलेलंच दिसत होतं. मग चहा-बिस्किट झालं, प्रमाणपत्र झालं, मंडळातर्फे स्टीलचा डबा मिळाला. जाता जाता त्यानं टेक्निशियनला विचारलं, "हे आता कुणाला देणार?" तो बिचारा सकाळपासून उभा. म्हणाला, "जाईल कुणाला तरी."

मुलगा हसला आणि गेला. मला मात्र ते उत्तर टोचत राहिलं, कारण सांगण्यासारखं खूप होतं. पिशवी रक्तपेढीत जाते, तिथं एचआयव्ही, हिपॅटायटिस, सिफिलिस, मलेरिया अशा तपासण्या होतात. बऱ्याचदा एका पिशवीचे तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे वाटे होतात. म्हणजे एका मुलाच्या अर्ध्या तासातून तीन घरांना काहीतरी पोचू शकतं. आणि खरी गोम पुढेच आहे. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात. साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस, वेगळ्या द्रावणात ठेवलेल्या तांबड्या पेशी ४२ दिवस. पंधरा ऑगस्टला आम्ही फुगून सांगतो तो पिशव्यांचा आकडा सप्टेंबर संपायच्या आत संपलेला असतो. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद असली तरी लागतंच.

आपली अडचण कदाचित 'दान' या शब्दातच आहे. दान एकदा केलं की झालं, पुण्य जमा, पावती हातात. 'रक्तदान हेच श्रेष्ठ दान' हा फलक आम्हीही लावतो, पण त्याखाली 'पुन्हा कधी?' असं कुणी लिहीत नाही. पंढरपूरला एकदा जाऊन आलेल्याला आपण वारकरी म्हणत नाही. वारी ही पुन्हा जाण्याची गोष्ट. पहिल्या खेपेला माणूस मित्राच्या आग्रहानं येतो, साहेबांच्या वाढदिवसाला येतो, डब्यासाठीही येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मीसुद्धा पहिल्यांदा एका मुलीवर छाप पाडायला गेलो होतो. दुसऱ्या खेपेला मात्र ढकलायला कुणी नसतं. ती खेप माणसाची स्वतःची.

मग लोक परत का येत नाहीत? त्यांच्यात सेवाभाव नाही, असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, दोष बराचसा आमचा. स्वीडनमध्ये दात्याचं रक्त रुग्णासाठी वापरलं गेलं की त्याच्या फोनवर तसा संदेश येतो. रुग्णाचं नाव नाही, गाव नाही, पण 'कुणाला तरी' या दोन शब्दांपेक्षा ते कितीतरी जास्त झालं. शिबिरातल्या त्या मुलाला तर नव्वद दिवसांनी पुन्हा देता येतं एवढंही कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी आणखी एक मुलगी आली होती. बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. हिमोग्लोबिन साडेबारा किंवा त्याहून जास्त असेल तर थेंब खाली बसतो. तिचा थेंब मध्येच रेंगाळला आणि वर आला. "तुमचं नाही होणार, नेक्स्ट," एवढंच तिला ऐकू आलं. बरोबरच्या मैत्रिणी खाटांवर, आणि ही दाराशी त्यांच्या पर्सा सांभाळत उभी, जणू परीक्षेत नापास झाली होती. डॉक्टरांना दाखव, गरज असेल तर ते लोहाच्या गोळ्या देतील, मग परत ये, हे सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी चार हातांवर बसलो होतो, आणि उठलो नाही. माझ्या वहीत तिचं नाव नाही, कारण परत पाठवलेल्यांसाठी वहीत रकानाच नव्हता. रक्त द्यायला आलेली ती, पण आमच्या लेखी आलीच नाही.

मुलाचा नंबर वहीत होता. तेरा नोव्हेंबरला नव्वद दिवस भरत होते, त्या दिवशी मेसेज केला. 'साहेबांच्या शुभेच्छा' वगैरे काही नाही. फक्त, आज तुला पुन्हा देता येतं, येणार का? रात्री उत्तर आलं, "काका, सबमिशन आहे. वीसला चालेल?"

वीस तारखेला आम्ही रक्तपेढीत गेलो. मांडव नाही, फलक नाही, डबा तर नाहीच. बाकावर आमच्याशिवाय एक बाई होत्या, हातात मागणीचा कागद घेतलेल्या. मुलगा त्यांच्याकडे बघत होता. सुई लागल्यावर त्यानं विचारलं, "हे किती दिवस टिकतं?" मी म्हटलं, साध्या पिशवीत पस्तीस. त्यानं मोकळ्या हाताच्या बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे नाताळपर्यंत," तो म्हणाला.