कॅलेची ब्रिगेड

बहुतांच्या रक्षणासाठी थोड्यांचे प्राण वेचण्याचा अधिकार कोणास आहे काय? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न वजाबाकीइतका सोपा दिसतो. परंतु ज्यास तसा हुकूम प्रत्यक्ष लिहावा लागतो, त्याच्या मनाचे समाधान या गणिताने होत नाही. १९४० च्या मे महिन्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर, कॅले बंदरात, ब्रिटिशांच्या ३० व्या ब्रिगेडवर जो प्रसंग गुदरला, तो आठवला म्हणजे आम्हांस हे विशेष जाणवते.

ब्रिगेडियर निकल्सन यांच्या हाताखाली पायदळाच्या तीन पलटणी व रणगाड्यांचे एक पथक होते. २२ व २३ मे रोजी हे सैन्य घाईघाईने कॅलेस उतरले, आणि जर्मनांच्या दहाव्या रणगाडा डिव्हिजनने त्यास घेरले. प्रथम त्यास परत नेण्याचे ठरले. मग तो बेत रहित झाला, आणि फ्रेंच मित्रांशी ऐक्य राखणे हे कारण कळविण्यात आले. पंतप्रधान चर्चिल संतापले. अशा कारणासाठी मनुष्य अखेरपर्यंत लढेल कसा, हा त्यांचा आक्षेप होता. २५ मे रोजी नवा निर्णय झाला: सुटका होणार नाही, मात्र तुम्ही टिकाल तो प्रत्येक तास मुख्य ब्रिटिश फौजेच्या उपयोगी पडेल. हा निर्णय घेणाऱ्यांत युद्धमंत्री ईडन होते. पहिल्या महायुद्धात ते ज्या रेजिमेंटमध्ये लढले, तिचीच एक पलटण कॅलेत अडकली होती. २६ मे रोजी कॅले पडले. त्याच सायंकाळी डंकर्कहून सैन्य हलविण्यास आरंभ झाला, आणि ४ जूनपर्यंत ३,३८,००० हून अधिक सैनिक वाचले.

तर मग हिशेब जुळला, असे कोणी म्हणेल. पण जर्मन सेनापती गुडेरियन यांनी युद्धानंतर लिहिले की, कॅलेच्या लढ्याचा डंकर्कवर काहीच परिणाम झाला नाही. हिटलरने २४ मे रोजीच डंकर्कच्या वाटेवरील रणगाडे थांबविले होते, हेही खरे. चर्चिल यांचे मत याच्या उलट होते. आता निकालावरच नीती ठरवावयाची, तर त्या शिपायांच्या बलिदानाचे मोल इतिहासकारांच्या वादावर टांगून ठेवावे लागेल!

आमच्या मते हुकूम देणाऱ्याची कसोटी निराळी आहे. त्या घटकेस जे कळणे शक्य होते, ते त्याने प्रामाणिकपणे पारखले काय? आणि ज्यांस मरावयास सांगितले, त्यांस खरे कारण सांगितले काय? खोट्या किंवा क्षुल्लक कारणासाठी मनुष्यास खर्ची घालणे म्हणजे त्यास केवळ साधन समजणे होय. खरे कारण सांगितले, तर निदान तो त्या कार्याचा भागीदार होतो. तथापि एवढ्याने ऋण फिटते असे नव्हे. शरणागतीची मागणी धुडकावणारे निकल्सन १९४३ मध्ये जर्मनांच्या कैदेत वारले. युद्धाचा शेवट त्यांस दिसला नाही. योग्य निर्णयाचेही ऋण उरते, आणि जे वाचले त्यांनी ते विसरू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.