डांबरावरचे पंजे

अकोल्या-चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला, की माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघतो. सोबतचा कुत्रा मात्र अनवाणीच. त्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. चपट्या नाकाच्या पगला तेही धड जमत नाही, आणि आपण हौसेने नेमका तोच पाळतो! फिरायला नेण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघा. पाच-सात सेकंद धरवली नाही, तर फिरणं रद्द. कुत्रा झोकांड्या देऊ लागला, लाळ घट्ट झाली, तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तडक जनावरांचा डॉक्टर गाठा. फाटकाबाहेर मोकाट कुत्र्यांसाठी पाणी ठेवाल, तर तेही सावलीत ठेवा. उन्हातल्या भांड्यातलं पाणी दुपारी तोंड लावण्याजोगं राहत नाही.